सेवावर्धित अपंगत्व, सैनिकी

सैन्यात दाखल होण्यापूर्वीच व्यक्तीच्या ठिकाणी असलेला रोग, इजा किंवा व्यंग सैनिकी सेवेतील श्रम, हवामान, मानसिक ताण वा अपघात यांमुळे मूळच्यापेक्षा बळावले, तर त्यातून येणाऱ्या अपंगत्वास सेवावर्धित अपंगत्व म्हणतात. सेवेच्या काळात व सेवेमुळे प्रथमच उद्भवलेले अपंगत्व सेवाजन्य होय. सेवावर्धित अपंगत्वाचे मूळ मात्र सैनिकाच्या नागरी जीवनात, बालपणात किंवा क्वचित जन्मापूर्वीही असते. गोळी लागून हात गमावलेल्या सैनिकाच्या बाबतीत कारण व परिणाम दोन्ही उघड असतात. याउलट सौम्य दमा असलेला तरुण भरती झाला, चार वर्षे धुळीत व धुरात राबला आणि जिना चढतानाही धाप लागावी अशा अवस्थेत घरी परतला, तर त्याच्या आजच्या स्थितीत सेवेचा वाटा किती व मूळ रोगाचा किती, हे सांगणे वैद्यकालाही कठीण जाते. हा वाटा ठरविण्याची आणि तो निश्चित ठरविता आला नाही तर संशयाचा लाभ कोणाला द्यावयाचा याची नियमव्यवस्था निरनिराळ्या देशांत घडली आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ती विशेष तपशीलवार असल्यामुळे प्रस्तुत विवेचन मुख्यतः तिच्या अनुषंगाने केले आहे. भारतातील नियमांचा विचार शेवटी केला आहे.

पार्श्वभूमी : युद्धात अपंग झालेल्यांना वेतन देण्याची प्रथा अमेरिकेत स्वातंत्र्ययुद्धाइतकीच जुनी आहे. २६ ऑगस्ट १७७६ रोजी काँटिनेंटल काँग्रेसने अवयव गमावलेल्या किंवा उपजीविका करण्यास असमर्थ झालेल्या सैनिकांना अर्धे वेतन देण्याचे ठरविले. यादवी युद्धाच्या वेळी, १८६२ च्या कायद्याने, कर्तव्य बजावताना आलेल्या रोगांनाही निवृत्तिवेतनाच्या कक्षेत स्थान मिळाले. तथापि पूर्वीच्या रोगाचा प्रश्न खऱ्या अर्थाने तीव्र झाला तो विसाव्या शतकात. सक्तीच्या लष्करभरतीमुळे लक्षावधी सामान्य नागरिक थोड्या अवधीत छावण्यांत आले. डॉक्टरांना प्रत्येक उमेदवारासाठी मिळणारा वेळ अपुरा होता. क्षय, हृदयविकार, संधिवात, सपाट तळपाय असे विकार अंगी असलेले अनेकजण धडधाकट म्हणून स्वीकारले गेले आणि खंदकांतील जीवनाने ते विकार उफाळून आले. ‘सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे बळावलेले’ हा जोडशब्दप्रयोग पहिल्या महायुद्धाच्या काळातील ब्रिटिश निवृत्तिवेतन-आदेशांतून रूढ झाला. त्याच सुमारास अमेरिकेत १९१७ च्या युद्धजोखीम विमा कायद्यातील दुरुस्तीने कृपा म्हणून द्यावयाच्या वेतनाऐवजी गमावलेल्या अर्जनशक्तीची भरपाई, ही कल्पना पुढे आली. भरपाई म्हटली की हानीचे माप आले, आणि माप आले की ‘मूळचे किती होते?’ हा प्रश्न अटळ ठरला.

निकोपतेचे गृहीतक : या प्रश्नाला अमेरिकी कायद्याने दिलेले पहिले उत्तर वैद्यकीय नसून शाबितीच्या जबाबदारीचे आहे. भरतीच्या वेळी तपासून, पसंत करून व नाव नोंदवून घेतलेली व्यक्ती त्या क्षणी निकोप होती असे मानले जाते. अपवाद फक्त त्या तपासणीच्या अहवालात नोंदलेल्या विकारांचा. हे तत्त्व पहिल्या महायुद्धानंतरच्या कायद्यांतही होते. तथापि त्याला आजचे धारदार रूप १३ जुलै १९४३ च्या कायद्याने आले. सरकारच्याच डॉक्टरांनी तंदुरुस्त ठरविलेल्या माणसाला काही महिन्यांनी ‘रोग पूर्वीचाच आहे’ असे सांगून रिकाम्या हाताने परत पाठविणे ही उघड विसंगती होती. नव्या कायद्यानुसार गृहीतक खोडून काढण्यासाठी सरकारने ‘स्पष्ट व निःसंदिग्ध’ पुराव्याने दोन गोष्टी सिद्ध करावयाच्या असतात : विकार भरतीपूर्वी होता ही एक, आणि सेवेमुळे तो बळावला नाही ही दुसरी.

कायद्याचे शब्द असे असूनही माजी सैनिक प्रशासनाच्या नियमावलीत दीर्घकाळ पहिल्याच गोष्टीची शाबिती पुरेशी मानली गेली. रोग पूर्वीचा असल्याचे दाखविले की गृहीतक संपले, आणि तो बळावला हे सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकावर आली, असा व्यवहार चालू राहिला. त्याला आव्हान देणेही सोपे नव्हते, कारण १९८८ च्या कायद्यापूर्वी या निर्णयांवर न्यायालयात दाद मागण्याची सोयच जवळजवळ नव्हती. त्या कायद्याने माजी सैनिकांच्या अपिलांसाठी स्वतंत्र न्यायालय स्थापन झाले. अखेर २००३ मध्ये विभागाच्या प्रमुख विधी-अधिकाऱ्याने आणि २००४ मध्ये फेडरल सर्किटच्या अपील न्यायालयाने दोन्ही गोष्टी सिद्ध करणे आवश्यक असल्याचे स्पष्ट केले. २००५ मध्ये नियमही त्यानुसार बदलला. कायद्यात १९४३ पासून असलेली तरतूद व्यवहारात उतरण्यास साठ वर्षे लागली. या अवधीत दुसऱ्या महायुद्धातील, कोरियातील व व्हिएटनाममधील सैनिकांचे दावे निकालात निघत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या दिरंगाईची किंमत कळते.

येथे ‘नोंद’ या शब्दाला विशेष अर्थ आहे. उमेदवाराने ‘मला लहानपणी दमा होता’ असे सांगितले आणि ते पूर्वेतिहासाच्या रकान्यात लिहिले गेले, एवढ्याने विकाराची नोंद झाली असे ठरत नाही. तपासणाऱ्या डॉक्टरला त्या वेळी विकार आढळला व त्याने तो अहवालात लिहिला, तरच ती नोंद होय. त्यामुळे घाईत न लिहिलेली एक ओळ पुढे तीस-चाळीस वर्षांनी दाव्याचा निकाल फिरवू शकते. त्यातून एक नाजूक नैतिक प्रश्नही उभा राहतो. भरती होण्याच्या आतुरतेने आपला जुना आजार लपविणाऱ्या तरुणाला कायद्याने अधिक संरक्षण मिळते आणि तो प्रांजळपणे दाखविणाऱ्याला कमी, असा काहींचा आक्षेप आहे. आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्यावर उपाय म्हणून शाबितीची जबाबदारी सैनिकावर टाकली, तर तपासणीची सर्व साधने हाती असलेल्या शासनाच्या निष्काळजीपणाचा भुर्दंड अठरा वर्षांच्या मुलावर पडतो. २०२२ पासून अमेरिकी भरतीकेंद्रांत उमेदवाराच्या नागरी वैद्यकीय नोंदी संगणकाद्वारे पाहण्याची व्यवस्था आल्यामुळे लपवाछपवीला पूर्वीइतका वाव उरलेला नाही.

वृद्धीचे गृहीतक : विकार भरतीच्या वेळी रीतसर नोंदलेला असेल, तर निकोपतेचे गृहीतक लागू होत नाही आणि दुसरे गृहीतक पुढे येते. सेवेच्या काळात अपंगत्वात वाढ झाल्याचे दिसले, की ती वाढ सेवेमुळेच झाली असे मानावयाचे. ती केवळ रोगाच्या नैसर्गिक वाटचालीमुळे झाली असा विशिष्ट निष्कर्ष पुराव्यानिशी काढता आला, तरच हे गृहीतक मोडते. येथे वाढ दाखविण्याची जबाबदारी मात्र दावेदाराची असते. वाढ दिसल्यावर तिचे कारण नैसर्गिक असल्याचे दाखविण्याची जबाबदारी सरकारकडे जाते आणि युद्धकाळातील व १९४६ नंतरच्या सेवेबाबत तेथेही स्पष्ट व निःसंदिग्ध पुराव्याचीच अपेक्षा असते. राखीव दलांतील व नॅशनल गार्डमधील सैनिक केवळ प्रशिक्षणासाठी थोड्या काळापुरते बोलाविले जातात, तेव्हा त्यांना ही सवलत मिळत नाही. विकार बळावला आणि तो प्रशिक्षणामुळेच बळावला, या दोन्ही गोष्टी त्यांना स्वतः दाखवाव्या लागतात.

‘वाढ’ म्हणजे काय, यावरही पुष्कळ वाद झाले आहेत. जुन्या दुखापतीचा गुडघा कवायतीनंतर सुजला व आठवडाभराच्या विश्रांतीने उतरला, तर ती तात्पुरती उचल होय. मूळ विकार कायमचा बिघडला नसेल तर तिला वृद्धी म्हणत नाहीत, असा निर्णय न्यायालयाने १९९१ मध्ये दिला. भरतीपूर्वीच्या विकारावर सेवेत शस्त्रक्रिया झाली, तर तिचे नेहमीचे परिणाम, उदा., व्रण किंवा शस्त्रक्रियेनंतर कमी कार्यक्षम राहिलेला अवयव, हेही वृद्धीत धरत नाहीत. कारण उपचाराचा हेतू विकार कमी करण्याचा असतो. याउलट प्रत्यक्ष लढाईत, किंवा शत्रूच्या कैदेतून सुटल्यानंतर लगेच, जुन्या विकाराची लक्षणे उफाळली तर वृद्धी झाली असे मानण्याकडे नियमांचा स्पष्ट कल आहे. आघाडीवर वैद्यकीय कागद तयार होत नाहीत, हे त्यामागील साधे कारण.

जन्मजात दोषांचा प्रकार आणखी निराळा आहे. दृष्टीचा अपवर्तनदोष, विकासातील व्यंगे, व्यक्तिमत्त्वदोष यांना अमेरिकी नियम रोग किंवा इजा मानतच नाहीत. त्यामुळे त्यांच्यासाठी भरपाई नाही. परंतु आनुवंशिक रोग हा दोषाहून वेगळा समजला जातो. दोष सामान्यतः स्थिर असतो, तर रोग वाढतो वा घटतो. म्हणून आनुवंशिक रोग सेवेत बळावू शकतो असे विभागाच्या विधी-अधिकाऱ्यांनी १९९० मध्ये मान्य केले. जन्मजात दोषावर सेवेत दुसरी इजा झाली, तर त्या इजेपुरता दावाही ग्राह्य ठरतो. व्यवहारात दोष कोणता व रोग कोणता, याची सीमारेषा डॉक्टरच्या अभिप्रायावर अवलंबून राहते आणि निकालांत विसंगती येते.

टक्केवारी व वजावट : अमेरिकेत अपंगत्वाचे माप शून्य ते शंभरपर्यंत दहाच्या टप्प्यांनी देतात. प्रत्येक विकारासाठी छापील अनुसूचीत लक्षणांची पायरी व तिची टक्केवारी दिलेली असते. सेवाजन्य विकारास आजच्या स्थितीची पूर्ण टक्केवारी मिळते. सेवावर्धित विकाराच्या बाबतीत मात्र आजच्या टक्केवारीतून भरतीच्या वेळची टक्केवारी, त्याच अनुसूचीच्या मापाने, वजा करतात व उरलेली देतात. या साध्या दिसणाऱ्या वजाबाकीला दोन महत्त्वाचे अपवाद आहेत. भरतीच्या वेळची पातळी निश्चित करता येत नसेल, तर काहीच वजा करावयाचे नाही. आणि आजचे अपंगत्व संपूर्ण, म्हणजे शंभर टक्के असेल, तरीही काहीच वजा करावयाचे नाही.

सपाट तळपायांचे उदाहरण घेता येईल. बूट घालून, पाठीवर ओझे घेऊन रोज मैलोगणती चालणाऱ्या पायदळात हा विकार नेहमीचाच. अनुसूचीनुसार दोन्ही पायांचा सौम्य विकार शून्य टक्के, मध्यम दहा टक्के, तीव्र तीस टक्के व अतितीव्र पन्नास टक्के धरला जातो. भरतीच्या वेळी ‘मध्यम’ अशी नोंद असलेला सैनिक ‘तीव्र’ अवस्थेत बाहेर पडला, तर तीसमधून दहा वजा जाऊन त्याला वीस टक्के मिळतात. नोंद ‘सौम्य’ अशी असती तर वजावट शून्याची, म्हणजे पूर्ण तीस टक्के मिळाले असते. नोंदच नसती व सरकारला निकोपतेचे गृहीतक खोडता आले नसते, तरीही तीस टक्केच. कारण २००४ च्या निवाड्यानुसार अशा विकाराला सेवाजन्यच समजावयाचे व वजावट करावयाची नाही. १ डिसेंबर २०२४ पासूनच्या दरांनुसार एकट्या माजी सैनिकास वीस टक्क्यांना दरमहा सुमारे ३४७ डॉलर व तीस टक्क्यांना सुमारे ५३७ डॉलर मिळत. डॉक्टरने अहवालात लिहिलेल्या एका विशेषणाची किंमत अशी दरमहा १९० डॉलर होते, आणि ती आयुष्यभर मोजावी लागते. कमानीचा निव्वळ जन्मजात सपाटपणा असेल व घट्टे, ताण, दुखरेपणा अशी खूण नसेल, तर तो भरपाईस पात्रच मानला जात नाही, हेही येथे सांगितले पाहिजे.

दम्याच्या उदाहरणात वजाबाकीचा दुसरा अपवाद दिसतो. अधूनमधून श्वासावाटे औषध घ्यावे लागणाऱ्या दम्याला दहा टक्के, ते रोज घ्यावे लागत असल्यास तीस टक्के आणि वर्षातून किमान तीन वेळा पोटातून किंवा टोचून स्टेरॉइड औषधांचा उपचार घ्यावा लागत असल्यास साठ टक्के, अशा पायऱ्या आहेत; फुप्फुसांची क्षमता अत्यंत खालावल्यास शंभर टक्के देतात. भरतीच्या वेळी दहा टक्के नोंद असलेला रोगी साठावर गेला तर त्याला पन्नास मिळतात. तोच पुढे शंभरावर गेला तर मात्र नव्वद नव्हे, पूर्ण शंभर मिळतात. डिसेंबर २०२४ च्या दरांनी पन्नास टक्क्यांना दरमहा सुमारे १,१०२ डॉलर, तर शंभर टक्क्यांना सुमारे ३,८३१ डॉलर होत. पूर्णपणे निकामी झालेल्या माणसाला ‘तुझे दहा टक्के मूळचे’ असे सुनावणे कायद्याला गैर वाटले, असाच या अपवादाचा अर्थ लावावा लागतो. शुद्ध गणिताने तो समजत नाही.

पायऱ्यांच्या या पद्धतीत आणखी एक अडचण आहे. विकार खरोखर बळावला, परंतु त्याच पायरीच्या आत बळावला, तर वजाबाकीचे उत्तर शून्य येते. असा शून्य टक्क्याचा निर्णय निरर्थक नसतो. त्याने विकाराचा सेवेशी संबंध मान्य होतो, त्या विकारावर शासकीय रुग्णालयांत मोफत उपचार मिळतात आणि पुढे प्रकृती खालावल्यास टक्केवारी वाढवून मागता येते. अनेक विकार असतील तर प्रत्येकाची वजावट आधी करून मग टक्केवारी एकत्र करतात. ही बेरीजही साधी नसते. तीस व वीस मिळून पन्नास होत नाहीत. तीस टक्के गेल्यावर उरलेल्या सत्तराचे वीस टक्के, म्हणजे चौदा, असे मिळून चव्वेचाळीस होतात व ते जवळच्या दशकात, चाळीसवर आणले जातात.

सेवाजन्य विकारामुळे सेवेशी संबंध नसलेला दुसरा विकार बळावण्याचा प्रकारही याच गटात येतो. सेवेत गुडघा निकामी झालेला माणूस वर्षानुवर्षे लंगडत चालतो आणि त्यामुळे त्याच्या खुब्यातील संधिवात वाढतो. अशा वाढीव भागासाठी भरपाई द्यावी असे माजी सैनिक अपील न्यायालयाने १९९५ मध्ये ठरविले. २००६ च्या नियमाने तिला एक अट जोडली : वाढ होण्यापूर्वीची किंवा वाढीच्या आरंभीची पातळी वैद्यकीय पुराव्याने निश्चित झाली पाहिजे. मुख्य नियमात पातळी ठाऊक नसेल तर लाभ सैनिकाला मिळतो. येथे पातळी ठाऊक नसेल तर दावाच फेटाळला जातो. एकाच विभागाच्या दोन नियमांतील हा विरोध समर्थनीय वाटत नाही.

संरक्षण खात्याकडून सेवानिवृत्तीच्या वेळी होणारे मूल्यमापन या सर्वाहून स्वतंत्र आहे. ते फक्त सैनिकाला सेवेस अयोग्य ठरविणाऱ्या विकारांपुरते असते. आठ वर्षे सक्रिय सेवा झालेल्या सैनिकाचा पूर्वीचा विकारही कर्तव्यकाळात आल्याचे तेथे मानतात.

कागदपत्रांचे स्थान : ही सारी व्यवस्था भरतीच्या वेळच्या कागदावर उभी असल्यामुळे तो कागदच नाहीसा झाला तर काय, हा प्रश्न काल्पनिक नाही. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लूइस येथील राष्ट्रीय कर्मचारी अभिलेख केंद्राला लागलेल्या आगीत सुमारे १.६ ते १.८ कोटी सैनिकांच्या संचिका जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात भूसेनेतून मुक्त झालेल्यांच्या संचिकांपैकी सुमारे ८० टक्के त्यांत होत्या. वायुसेनेच्याही बऱ्याच होत्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती वा सूक्ष्मपटही नव्हते. दोन्ही महायुद्धांतील व कोरियातील असंख्य सैनिकांचा निकोपतेचा एकमेव लेखी पुरावा असा नष्ट झाला. अशा प्रकरणांत निर्णयाची कारणे अधिक काळजीपूर्वक देण्याचे व संशयाचा लाभ देण्याच्या नियमाचा कसून विचार करण्याचे विशेष बंधन शासनावर असल्याचे न्यायालयांनी मानले. तथापि जे विधवेला किंवा वृद्ध सैनिकाला शेजाऱ्यांच्या शपथपत्रांनी व जुन्या पत्रांनी सिद्ध करावे लागले, ते एका पानाने सिद्ध झाले असते.

ब्रिटन : ब्रिटनमध्येही शाबितीच्या जबाबदारीचा पालट १९४३ मध्येच झाला. तोपर्यंत आपले अपंगत्व सेवेमुळे आले वा बळावले हे दाखविणे सैनिकाचे काम होते. नव्या व्यवस्थेत ते तसे नाही हे दाखविणे निवृत्तिवेतन मंत्र्याचे काम झाले आणि वाजवी संशयाचा लाभ सैनिकाला मिळू लागला. त्याच वर्षी निवृत्तिवेतन अपील न्यायाधिकरणांचा कायदा झाला. या न्यायाधिकरणांवरील अपिले पुढे न्यायमूर्ती डेनिंग यांच्यापुढे येत. १९४७ च्या एका निवाड्यात त्यांनी ‘वाजवी संशयापलीकडची शाबिती’ म्हणजे संशयाची छायाही नसणे नव्हे, हे स्पष्ट केले. अन्ननलिकेच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या सैनिकाच्या निवृत्तिवेतनाच्या संदर्भातील हे विवेचन आज राष्ट्रकुलातील फौजदारी न्यायालयांत सर्वत्र उद्धृत केले जाते. त्याचे मूळ सैनिकी अपंगत्वात आहे, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात नसते.

भारत : भारतीय नियमांची शब्दरचना ब्रिटिश वळणाची आहे. भूसेनेच्या १९६१ च्या निवृत्तिवेतन विनियमांनुसार सैनिकी सेवेमुळे उद्भवलेल्या किंवा बळावलेल्या व वीस टक्के अथवा अधिक ठरलेल्या अपंगत्वामुळे सेवामुक्त झालेला सैनिक अपंगत्व-निवृत्तिवेतनास पात्र असे. ‘उद्भवलेले’ व ‘बळावलेले’ यांची निश्चिती १९८२ च्या पात्रता नियमांनी होई. भरतीच्या वेळी नोंदलेल्या विकारांखेरीज सैनिक शारीरिक व मानसिक दृष्ट्या निकोप होता आणि वैद्यकीय कारणावरून त्याला सेवामुक्त करावे लागल्यास प्रकृतीतील बिघाड सेवेमुळे झाला, असे त्यांत गृहीत होते. पात्रता सिद्ध करण्यास दावेदारास सांगावयाचे नाही व वाजवी संशयाचा लाभ त्याला द्यावयाचा, असेही त्यांत नमूद होते. सेवेने रोगाच्या आरंभास हातभार लावला नसला, तरी त्याच्या पुढील वाटचालीवर परिणाम केला असेल, तर वृद्धी मान्य करावयाची, ही त्यांतील व्याख्या विशेष नेमकी आहे.

नियम उदार असले, तरी वैद्यकीय मंडळांचे अभिप्राय पुष्कळदा एका ओळीचे असत : ‘विकार शरीरप्रकृतीशी संबंधित, सेवेशी संबंध नाही.’ अपस्मार, मनोविकार, उच्च रक्तदाब, मधुमेह यांबाबत हे विशेष घडे. त्याचा परिणाम कठोर होता. सामान्य सैनिकाला सेवानिवृत्तिवेतनासाठी पंधरा वर्षांची सेवा लागते. आठ-नऊ वर्षांनी आजारपणामुळे बाहेर पडलेल्याचा दावा फेटाळला गेला, तर नियमित उत्पन्नाचे साधनच उरत नसे. १९८५ मध्ये भरती होऊन सुमारे नऊ वर्षांनी अपस्मारामुळे सेवामुक्त झालेल्या एका सैनिकाचे असेच प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. २ जुलै २०१३ च्या निवाड्यात न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल, तर तो सेवेतच उद्भवला असे मानावे. तपासणीत तो आढळणे शक्य नव्हते असे मंडळाचे मत असेल तर त्याने कारणे लिहिली पाहिजेत. कारणांवाचून दिलेला अभिप्राय बंधनकारक नाही, असे त्याचे सार होते. सैनिकाला सेवेतून काढण्याइतका विकार वीस टक्क्यांहून कमी कसा असेल, असा विचार पुढच्याच वर्षी त्याच न्यायालयाने मांडला. सशस्त्र दल न्यायाधिकरण २००९ मध्ये कार्यान्वित झाल्यापासून दिल्लीतील मुख्य पीठ व मुंबईसह इतर ठिकाणची विभागीय पीठे यांच्यापुढे अशी प्रकरणे मोठ्या संख्येने आली आहेत. दहा वर्षांहून कमी सेवा झालेल्यांनाही अक्षमता-निवृत्तिवेतन देण्याचा निर्णय शासनाने २०२० मध्ये घेतला व ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांना तो लागू केला. त्यामुळे जुन्या प्रकरणांना त्याचा लाभ मिळाला नाही.

टक्केवारीच्या बाबतीत भारताने अमेरिकेच्या उलट दिशा घेतली. पाचव्या वेतन आयोगानंतर निघालेल्या ३१ जानेवारी २००१ च्या आदेशाने, १ जानेवारी १९९६ पासून, पन्नासहून कमी टक्केवारी पन्नास, पन्नास ते पंचाहत्तर ही पंचाहत्तर आणि त्यापुढील शंभर धरण्याची पद्धत सुरू झाली. मंडळामंडळांतील मतभेद व चुका यांचा फटका सैनिकाला बसू नये, हा तिचा हेतू. आरंभी ती सेवेतून मध्येच काढावे लागलेल्यांपुरती होती. १० डिसेंबर २०१४ च्या निवाड्याने मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही ती मिळाली. शंभर टक्के अपंगत्वास शेवटच्या वेतनाच्या तीस टक्के असा अपंगत्व-अंशाचा दर असून कमी टक्केवारीस तो त्या प्रमाणात मिळतो.

२००८ च्या पात्रता नियमांनी १९८२ चे सर्वसाधारण गृहीतक पातळ केले. रोग सेवाकाळात प्रकट झाला एवढ्यावरून तो सेवेमुळे उद्भवला वा बळावला असे ठरत नाही, असे त्यांत म्हटले आहे. पात्रता सिद्ध करण्याची जबाबदारी सामान्यतः दावेदारावर नसली, तरी सेवामुक्तीनंतर पंधरा वर्षांहून अधिक काळाने केलेल्या दाव्यात ती त्याच्यावर येते. २१ सप्टेंबर २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी ही दिशा पुढे नेली व मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यांच्या बाबतीत ‘अपंगत्व-अंश’ या संज्ञेऐवजी ‘क्षीणता-साहाय्य’ अशा अर्थाची नवी संज्ञा आणली. सवलतींचा गैरवापर होतो व रक्तदाब, मधुमेह यांसारख्या आजारांचा सेवेशी संबंध क्षीण असतो, असे या बदलांच्या समर्थकांचे म्हणणे आहे. माजी सैनिकांच्या संघटनांच्या मते शांततेच्या ठाण्यावरील सैनिकही कुटुंबापासून दूर, शिस्तीच्या व सततच्या तत्परतेच्या ताणाखाली असतो. आघाडी आणि पिछाडी यांच्या नकाशावरून रोगाचे कारण ठरविता येत नाही. गैरवापराचा आक्षेप खरा मानला, तरी भरतीची व सेवाकाळातील वार्षिक तपासणी पूर्णपणे शासनाच्या हाती असताना तिच्यातील उणिवा निवृत्त सैनिकाच्या पदरी का पडाव्यात, या १९४३ च्या प्रश्नाला नव्या नियमांत उत्तर सापडत नाही.